फरशीखालची ओल

गेल्या वर्षी आमच्या घरात एक चूक झाली. चूक माझीच होती, त्यामुळे तिच्याबद्दल लिहायला दुसऱ्या कुणाची परवानगी लागत नाही.

मुलीचा साखरपुडा घरीच करायचा ठरला आणि माझी नजर सगळ्यात आधी गेली ती जमिनीवर. आमचं घर जुनं, कृष्णाकाठच्या गावातलं. सासऱ्यांच्या काळात घातलेली शहाबादी फरशी. २०१९ च्या पुरात घरात गुडघाभर पाणी होतं, तेव्हापासून फरशीची पार रया गेलेली. कुठे डाग, कुठे टवके, सांध्यातलं सिमेंट निघालेलं. मुलाकडची माणसं पुण्याची. मनात म्हटलं, हे बघून काय म्हणतील?

हातात दिवस होते आठ. नवीन टाइल्स घालायच्या म्हणजे फोडाफोड, धूळ, पंधरा-वीस दिवस सगळं घर अंगणात. तेवढ्यात बाजारपेठेतल्या एका दुकानात व्हिनाईलचा रोल पाहिला. हुबेहूब सागवानी लाकूड! दुकानदार म्हणाला, "वहिनी, एका दिवसाचं काम आहे. आहे त्या फरशीवरच बसवून देतो. गवंडी नको, की काही नको." मला तर देवच पावला.

त्या संध्याकाळी सासूबाई माजघरात बसल्या होत्या. त्यांना रोलचा नमुना दाखवला. त्यांनी हात फिरवून पाहिला, छान आहे म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "पण अगं, देवघराच्या कोपऱ्यात ओल येते. श्रावणात तिथली रांगोळी आपोआप भिजते. तिथं नको घालू."

मी म्हटलं, "आई, आता मे महिना आहे. सगळं कोरडं ठणठणीत आहे." आणि विषय संपवला.

काम खरंच एका दिवसात झालं. दोन मुलं आली, फरशी झाडली, डिंकासारखा गोंद फासला, रोल पसरला, कडा कापल्या. घर ओळखू येईना. साखरपुड्याला आलेल्या प्रत्येकीने विचारलं, कुठून आणलं, कितीला पडलं. मी तोऱ्यात सांगत होते.

पंधरा दिवसांत पहिली खूण दिसली. पातळ साडीतून परकराची शिवण दिसावी तसे रोलमधून खालच्या शहाबादीचे चौकोन दिसायला लागले. जुलैत घरात कुबट वास यायला लागला. मी फिनाईल वाढवलं, उदबत्त्या वाढवल्या. ऑगस्टमध्ये देवघराजवळ फुगा आला, पाय दिला की पचकन वाजायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी दोन रोलचा जोड होता, तिथली कड बोटभर वर उचलली गेली. मी त्यावर चिकटपट्टी लावली आणि वर पायपुसणं टाकलं.

त्याच कडेला सासूबाईंचा पाय अडकला. वय वर्षे ७६. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. "मी सांगितलं होतं" असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मैत्रिणींनो, गेली अनेक वर्षं मी बचत गटांचं काम करते. बैठकीत दर वेळी सांगते, घरच्या निर्णयात बायकांचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. आणि माझ्याच घरात, ज्या बाईने पन्नासहून अधिक वर्षं ती जमीन सारवली, झाडली, पुसली, तिचं म्हणणं मी एका वाक्यात उडवून लावलं होतं. ऐकून न घेणारा पुरुषच असतो असं थोडंच आहे?

झाकणाखालची वाफ

रोल उचलला तेव्हा खाली काय होतं ते सांगते. फरशी काळी पडलेली, गोंदाचा चिकट लगदा झालेला, बुरशीचे मोठाले ठिपके आणि नाकात जाणारा वास. वरून मात्र सागवानी लाकूड!

मग एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांच्याबरोबर बिगारी म्हणून एक मावशी आल्या होत्या. मिस्त्री ह्यांच्याशी अंगणात बोलत उभे होते तोवर मावशींनी हातातल्या लाकडी ठोकळ्याने फरशी ठोकत एक फेरी मारली आणि मला म्हणाल्या, "वैनी, हितं पोकळ वाजतंय बघा. आनि हितं. पान्यानं खालची माती बसलीया." मीही कान देऊन ऐकलं. भरीव फरशीचा आवाज वेगळा, पोकळ फरशीचा वेगळा. नारळ घेताना आपण वाजवून बघतो, तसंच.

त्यानंतर मी हा विषय समजून घेतला. मिस्त्रींना विचारलं, पुस्तकं पाहिली, माहीतगारांशी बोलले. जे कळलं ते इतकं साधं होतं की आधी कुणी का सांगितलं नाही याचं नवल वाटलं.

जुन्या घरांत फरशीखाली मातीचा किंवा मुरमाचा भराव असतो आणि त्यावर फरशी. मधे ओल अडवणारं काहीच नसतं. समईतली वात जशी तेल वर ओढते, तसा भराव जमिनीतलं पाणी वर ओढत असतो. शिवाय आमच्या समोरचा रस्ता दोनदा काँक्रीटचा झाला. प्रत्येक वेळी जुन्यावरच नवा थर. त्यामुळे रस्ता उंच आणि घर खाली. पावसाचं पाणी घराच्या पायाशी मुरणार, दुसरीकडे जाणार कुठे? त्यात मोरीच्या पाइपाचा एक सांधा गळत होता, तो वेगळाच.

तरीही इतकी वर्षं काही बिघडलं नाही, कारण शहाबादी फरशी आणि तिचे सांधे यांतून ती ओल हळूहळू उडून जात होती. फरशी श्वास घेत होती म्हणा ना. व्हिनाईल म्हणजे प्लॅस्टिकच, पाइप ज्याचे करतात तेच पीव्हीसी. त्यातून पाणी खाली जात नाही, हा त्याचा गुण. पण त्यातून वाफ वरही येत नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं की आतून थेंब धरतात, तसं आमच्या जमिनीवर मी झाकण ठेवलं होतं. आतल्या पाण्याने गोंद सुटला, बुरशी धरली, फुगे आले. व्हिनाईल चांगलंच होतं. वाईट होती ती माझी घाई.

आधी खालची जमीन

दुसऱ्या वेळी कामाची सूत्रं मी हातात घेतली. काय काय केलं ते क्रमाने सांगते, कारण हल्ली आपल्याकडे गावोगाव हे रोल आणि पट्ट्या विकायला आल्या आहेत. उद्या तुमच्याही घरी कुणी म्हणेल, "एका दिवसाचं काम आहे."

सगळ्यात आधी काहीच केलं नाही. रोल काढला, गोंद खरवडला, जमीन घासून धुतली आणि खिडक्या उघड्या टाकून तशीच सोडून दिली. सप्टेंबर गेला, ऑक्टोबरचं ऊन आलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं, "काय हो, दिवाळीला अशी जमीन?" मी म्हटलं, "हो, यंदा अशीच."

मग ओल तपासली. याला कुठलंही यंत्र लागत नाही. हातभर लांब, हातभर रुंद असा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्यायचा, जमिनीवर ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या. कमीत कमी १६ तास तसाच ठेवायचा. मी अख्खा दिवस आणि रात्र ठेवला. उचलल्यावर प्लॅस्टिकला आतून थेंब दिसले किंवा खालची फरशी काळपट झालेली दिसली, तर जमिनीत ओल आहे. एका जागी तपासून भागत नाही, प्रत्येक खोलीत दोन-तीन जागी बघायला हवं. शक्य असेल तर पावसाळ्यात बघावं. उन्हाळ्यातली जमीन फसवते, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या बैठकीच्या खोलीत तुकडा कोरडा निघाला. माजघरात आणि देवघराच्या कोपऱ्यात थेंबच थेंब. सासूबाईंनी बसल्या जागेवरून जे सांगितलं होतं, तेच प्लॅस्टिकने सांगितलं.

या दोन्ही जागांची फरशी काढली. मोरीचा पाइप दुरुस्त केला. खचलेल्या जागी मुरूम टाकला, पण एकदम नाही. थोडा टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसने ठोकायचा, मग पुढचा थर. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, दोन कागदांची टोकं एकमेकांवर भरपूर घेतली आणि कडेला भिंतीवर थोडा वर चढवला. त्यावर तीन इंच काँक्रीट. हा कागद म्हणजे खालून येणाऱ्या ओलीला केलेला अडसर. घर नवीन बांधताना हे काम फार थोड्या पैशांत होतं, नंतर करायचं तर सगळं घर उचकटावं लागतं. घरकुलाचं किंवा नवीन घराचं काम काढलं असेल तर एवढं एक मिस्त्रींना आवर्जून विचारा.

काँक्रीटला आठवडाभर पाणी मारलं. इथे एक गल्लत सगळेच करतात. काँक्रीट घट्ट होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. वरून टणक झालेलं काँक्रीट आतून कितीतरी दिवस ओलं असतं. ठोकताळा असा की चांगल्या हवेत एक इंच जाडीला साधारण एक महिना. आमचं तीन इंच, म्हणजे तीन महिने. नोव्हेंबरमध्ये घातलेल्या काँक्रीटवर आम्ही फेब्रुवारीअखेरीस व्हिनाईल घातलं, तेही पुन्हा प्लॅस्टिक लावून तपासल्यावरच.

नंतर सपाटी. दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी-उभी फिरवायची आणि खाली कुठे फट दिसते ते बघायचं. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर ती जागा भरून घ्यायची. फरशीचे सांधेही भरायचे, नाहीतर परकराची शिवण पुन्हा दिसणार. भरायला भिंतीची पुट्टी मात्र वापरू देऊ नका. स्वस्त पडते म्हणून काही जण वापरतात, पण ती पायाखाली टिकत नाही, भुगा होतो. जमिनीसाठी सिमेंटचा वेगळा मसाला मिळतो, पातळ कालवून ओतला की आपणच पसरतो आणि पातळी धरतो. त्याआधी प्रायमरचा हात द्यायचा, म्हणजे तो खालच्या थराला धरून राहतो. पाकिटावर लिहिलंय तेवढं वाळू द्यायचं. शेवटी झाडू, मग पुसणं, मग पुन्हा झाडू. वाळूचा एक कण खाली राहिला तरी तो वरून पुटकुळीसारखा दिसतो.

एवढं सगळं झाल्यावर व्हिनाईल अंथरायचं काम उरतं ते अगदी थोडं. रोल आणला की त्याच खोलीत एक-दोन दिवस उलगडून ठेवायचा, म्हणजे त्याचं वळण मोडतं. दातेरी पत्र्याने गोंद एकसारखा पसरायचा, पाकिटावर सांगितलंय तेवढा वेळ थांबायचं, मग मधून कडेकडे हवा काढत दाबत जायचं आणि वरून जड रूळ फिरवायचा. एकमेकांत अडकवायच्या पट्ट्या घेतल्या असतील तर त्यांना गोंद लागत नाही, पण भिंतीपासून चारही बाजूंनी ८ ते १० मिलिमीटर जागा सोडावी लागते. उन्हाळ्यात त्या थोड्या वाढतात. वाढायला जागा नसली तर मधेच उचलल्या जातात. सोडलेली फट कडेच्या पट्टीखाली झाकली जाते.

देवघराच्या कोपऱ्यात मात्र व्हिनाईल घातलंच नाही. तिथे समई असते, उदबत्ती असते. ती दोन हात जागा जुन्याच शहाबादीची ठेवली. मोरीतही घातलं नाही. ज्याचं काम त्यालाच द्यावं.

भुई कुणाची होती?

सासूबाईंचा हात गळ्यात होता त्या दिवसांत त्यांच्याशी पुष्कळ बोलणं झालं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात मातीची भुई होती. ती कोण करायचं? बायकाच. माती आणायची, चाळायची, भिजवायची, थर घालायचा, आणि आळीतल्या चार-पाच जणी मिळून चोपणी घेऊन चोपायच्या. वाळत आली की भेगा बुजवायच्या, पुन्हा चोपायची, मग शेणाचं सारवण. "घाई केली की भुई उलते," त्या म्हणाल्या. "वरून वाळलेली दिसली तरी आत बोट घालून बघायचं."

मी प्लॅस्टिक लावून जे तपासलं, ते त्या बोटाने तपासत होत्या. शास्त्र तेच.

भुई करण्याचं ज्ञान पिढ्यान् पिढ्या बायकांच्या हातात होतं. सिमेंट आलं, फरशी आली आणि त्या कामाला पैसा मिळायला लागला, तशी थापी पुरुषाच्या हातात गेली आणि बाईच्या डोक्यावर घमेलं आलं. घर झाल्यावर ती जमीन पुसायचं काम मात्र बाईकडेच राहिलं!

आमच्याकडे आलेल्या मावशींनी वीस वर्षं घमेलं उचललंय. मिस्त्रींचा पुतण्या तीन वर्षांपूर्वी या कामात आला. आज त्याच्या हातात थापी आहे आणि त्याची हजेरी मावशींपेक्षा जास्त आहे. पोकळ फरशी कुणी ओळखली? मावशींनी. मी मिस्त्रींना विचारलं, "यांना थापी का देत नाही?" ते हसले. वाईट मनाने नाही, त्यांना प्रश्नच गमतीचा वाटला. मावशी तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पण 'समान काम' हातातच येऊ दिलं नाही तर कायदा तरी काय करणार?

बायकांना हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी थोडं इकडेतिकडे बघावं. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत शौचालयं बांधायला गवंडी कमी पडले, तेव्हा बायकांना शिकवलं गेलं. तिथे त्यांना 'रानी मिस्त्री' म्हणतात. केरळात 'कुटुंबश्री'च्या बायकांचे बांधकाम गट आहेत. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गावोगावच्या बायका घरदुरुस्तीच्या कामात उतरल्या होत्या. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेचं काम त्यातूनच उभं राहिलं. बायकांनी बांधकाम समजून घेतलं, लोकांना समजावलं, कामावर लक्ष ठेवलं. महाराष्ट्राला हे नवीन नाही, आपण विसरलोय एवढंच.

आमच्याच घरातली गोष्ट सांगते. दुसऱ्या वेळी व्हिनाईल बसवायला आलेला मुलगा दाराच्या चौकटीपाशी अडला. चौकट जुनी, नक्षीची, तिच्या वळणाप्रमाणे रोल कापायचा होता. त्याने एक तुकडा वाया घालवला. आमच्या गटातली शिवणकाम करणारी एक जण तेव्हा घरी आली होती. तिने वर्तमानपत्राचा कागद घेतला, चौकटीला लावून नखाने दाबत त्याचा बेत काढला, तो रोलवर ठेवला आणि खडूने आखून दिला. तुकडा चपखल बसला. ब्लाउजचा गळा कापणारीला चौकट काय कठीण आहे? तो मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही येता का माझ्याबरोबर कामाला?" सगळे हसले. मी मात्र तेव्हापासून तेच डोक्यात घेऊन बसले आहे.

विचार करा. हे काम उन्हातलं नाही, घरातलं आहे. उंचावर चढायचं नाही. मापं नीट घ्यायची, स्वच्छता राखायची, घाई करायची नाही आणि कात्री-सुरी सफाईने चालवायची. हत्यारं थोडी लागतात. जड रोल उचलायला दोघी-तिघी लागतील, पण चाळीस किलोचं पोतं उचलणाऱ्या बायका आपल्या गावात काय कमी आहेत? आणि दुपारी घरात बाईमाणूस एकटं असताना दोन बायका कामाला आल्या, तर घरच्यांनाही बरंच वाटेल. गटाच्या बायकांना आपण पापड, लोणची आणि मेणबत्त्या किती वर्षं शिकवत राहणार? गावात आधीच दहा जणी पापड करतात, त्यात अकरावीचे कोण घेणार? शासनाच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या योजना आहेत, गटांना कर्ज मिळतं. गावोगावच्या गटांनी पुढच्या बैठकीत हा विषय काढून तर बघावा. मी आमच्या गटात काढला. पहिल्या बैठकीत हशा झाला, दुसऱ्या बैठकीत तीन नावं आली. त्यातलं एक नाव त्या मावशींचं आहे.

जमीन हा विषय किरकोळ आहे असं कुणाला वाटेल, म्हणून आणखी एक सांगते. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २००० साली गरीब वस्त्यांतल्या मातीच्या जमिनी सिमेंटच्या करून देण्याची सरकारी योजना सुरू झाली. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा मुलांच्या पोटातले जंत आणि जुलाब कमी झालेले दिसले, आणि त्याचबरोबर आयांच्या मनावरचा ताण आणि उदासीही कमी झालेली दिसली. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. रांगणारं लेकरू जमिनीवर असतं, भाजी चिरणारी जमिनीवर असते, आजारी माणसाचं अंथरूण जमिनीवर असतं. घरातली बाई जमिनीइतकी दुसऱ्या कशाच्याच जवळ नसते.

चार गोष्टी लक्षात ठेवायच्या

ज्यांच्या घरी व्हिनाईल आहे किंवा घालायचं आहे, त्यांच्यासाठी थोडं. गरम कुकर, तवा त्यावर टेकवू नका, कायमचा डाग पडतो. रबरी तळाचं पायपुसणं ठेवू नका, रबराने पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. कपाट, फ्रिज ओढू नका, उचलून ठेवा. बादलीभर पाणी ओतून धुवायची सवय सोडा, पिळलेल्या फडक्याने पुसलं तरी पुरतं. घरात म्हातारं माणूस असेल तर चकाकी बघून घेऊ नका, थोडं खरखरीत घ्या. नवीन घातल्यावर वास येतो तो जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उरलेले तुकडे बंबात किंवा चुलीत जाळू नका. पीव्हीसी जळताना आम्लाचा आणि इतर विषारी धूर निघतो. पाणी तापवण्यापायी तो लेकरांच्या छातीत जायला नको.

व्हिनाईल घ्यावं की घेऊ नये, हे मी सांगणार नाही. पायाला ऊबदार आहे, गुडघ्यांना बरं आहे, खर्चाला टाइल्सपेक्षा हलकं पडू शकतं. पण आहे शेवटी प्लॅस्टिकच. जुनी फरशी धड असेल तर तिचे सांधे भरून, घासून घेतली तरी ती चांगली दिसते. मला सांगायचंय ते वेगळं आहे. जे वर दिसतं त्यावर आपण पैसे घालतो आणि जे खाली असतं त्याच्यासाठी आपल्याकडे ना पैसे असतात ना वेळ. पाहुण्यांसाठी आठ दिवसांत घर चकाचक करणारी मीच होते. पहिल्या वेळी 'वाचवलेले' पैसे दुसऱ्या वेळी व्याजासकट गेले. सासूबाईंचं मनगट अजूनही थंडीत दुखतं. त्यांना आता पोळी लाटता येत नाही, त्याचा हिशेब कुठल्या बिलात मांडू?

यंदा श्रावणात, पहिल्या सोमवारी सकाळी, सासूबाई देवघरापुढे बसल्या. डाव्या हाताने त्यांनी जमीन चाचपली. मग दोन बोटं वळवून फरशी वाजवून पाहिली. आणि म्हणाल्या, "रांगोळी आण."

तुमच्या घरी कामाला गवंडी येतील, दुकानदार नमुन्यांचं पुस्तक उघडून बसेल, घरातले पुरुष हिशेब करत असतील आणि तुम्ही रंग निवडत असाल. त्या वेळी एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा आणि विचारा, "या घरात ओल कुठं येते?" तिला माहीत असतं. तुम्ही फक्त पुरतं ऐकून घ्या.